अमेरिकन कॉमिक बुकच्या इतिहासाचा अभ्यास: नवख्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकन कॉमिक बुकांविषयी आपल्याकडच्या वाचकाला जे ठाऊक असते ते आता बहुतेक चित्रपटांतून आलेले असते. त्यातून कुणाला या माध्यमाच्या इतिहासात शिरावेसे वाटले, तर त्याच्यासमोर एक घोटीव कथानक तयारच असते: क्लीव्हलंडच्या दोन होतकरू मुलांनी सुपरमॅन घडवला आणि कवडीमोलाने विकला, एका मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्सवर बंदी आणवली, आणि पुढे एका हिकमती संपादकाने हा धंदा पुन्हा उभा केला. या कथानकातील प्रत्येक वाक्यात काही अंश खरा आहे, आणि म्हणूनच ते नवख्या अभ्यासकाला गोत्यात आणते. पुढे दिलेल्या पायऱ्यांमागची धारणा अशी की कॉमिक बुक ही मुळात स्वस्तात छापलेली, स्टॉलवर विकली जाणारी आणि वाचून झाल्यावर रद्दीत जाणारी वस्तू होती. तिचा इतिहास समजून घ्यायचा तर त्या वस्तूपासून, म्हणजे प्रत्यक्ष अंकापासून निघावे लागते. इंग्रजी वाचता येत असेल आणि इंटरनेट हाताशी असेल, तर हे काम साताऱ्यात बसूनही बऱ्याच अंशी करता येते.

पायरी १: आपण नेमके काय वाचत आहोत ते ठरवावे

वर्तमानपत्रातील चित्रपट्टी, कॉमिक बुक आणि ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे पुस्तकरूपातली दीर्घ चित्रकथा, या तिन्हींना सरसकट कॉमिक्स म्हटले जाते. अभ्यासात मात्र त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण त्यांचे गिऱ्हाईक, किंमत, मालकी आणि आयुष्य वेगळे होते. चित्रपट्टी वर्तमानपत्राबरोबर घरात येत असे, थोरामोठ्यांच्या नजरेखालून जात असे, आणि तिचा यशस्वी चित्रकार नाव व पैसा दोन्ही कमावत असे. कॉमिक बुक मुले स्वतःच्या खाऊच्या पैशांनी विकत घेत, आणि ते काढणाऱ्याचे नाव पुष्कळदा अंकात कुठेच छापलेले नसे.

आपल्याकडच्या एका पिढीला हा फरक नकळत अनुभवास आलेला आहे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून वेताळ आणि मँड्रेक मराठीतही पोहोचले. परंतु ली फॉक यांची ही दोन्ही पात्रे वर्तमानपत्री पट्ट्यांतली, मँड्रेक १९३४ सालचा आणि वेताळ १९३६ सालचा. रोजची पट्टी पुस्तकाच्या पानात बसवलेली असल्यामुळे कथा ठरावीक अंतराने छोटासा उत्कंठेचा थांबा घेत पुढे सरकते. घरात जुना अंक असेल तर तो उघडून हे अंतर मोजून पाहावे. मुळातच पुस्तकासाठी लिहिलेल्या कथेची लय अगदी वेगळी लागते.

खुद्द अमेरिकेतही कॉमिक बुकची सुरुवात पुनर्मुद्रणातूनच झाली. कनेक्टिकटमधील वॉटरबरी येथील ईस्टर्न कलर प्रिंटिंग या छापखान्याने १९३३ साली वर्तमानपत्रांतील रंगीत पट्ट्या लहान आकारात छापून त्यांच्या पुस्तिका जाहिरातीसाठी वाटल्या, आणि पुढच्या वर्षी 'फेमस फनीज' हे मासिक १० सेंटला विक्रीस आणले. पट्ट्यांचे हक्क विकत घेणे परवडेनासे झाले तेव्हा नवी चित्रे आणि नव्या कथा करवून घेण्याचा मार्ग निघाला. मेजर माल्कम व्हीलर-निकल्सन यांचे 'न्यू फन' हे फेब्रुवारी १९३५ चे मासिक त्या वाटेवरचे पहिले महत्त्वाचे पाऊल. सुपरमॅन ज्यात अवतरला ते 'ॲक्शन कॉमिक्स' यानंतर तीन वर्षांनी आले.

ही पार्श्वभूमी लक्षात घेऊन अभ्यासाला आवर घालावा. संपूर्ण मार्व्हल हा विषय होऊ शकत नाही. एक प्रकाशक आणि त्याची दोन-तीन वर्षे, किंवा एक प्रकार आणि एक दशक, एवढा पट सुरुवातीला पुरे.

पायरी २: एक अंक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत वाचावा

येथे अंक याचा अर्थ संपूर्ण अंक: जाहिराती, वाचकांची पत्रे, आणि पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात छापलेला प्रकाशकाचा मजकूर यांसह. नंतरच्या काळात काढलेल्या देखण्या संग्रहांत हे सारे गाळलेले असते आणि रंगही पुष्कळदा नव्याने भरलेले असतात, त्यामुळे पिवळट वर्तमानपत्री कागदावर ठिपक्यांच्या छपाईत ते पान कसे दिसत होते याची कल्पना त्यांतून येत नाही. शक्य तिथे मूळ छपाईचे स्कॅनच वाचावे.

अंक हातात आल्यावर पहिला प्रश्न तारखेचा. मुखपृष्ठावरील महिना हा विक्रीचा महिना नव्हे. अंक स्टॉलवर अधिक काळ ताजा दिसावा म्हणून प्रकाशक पुढची तारीख टाकत. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर जून १९३८ छापलेले आहे, पण तो विक्रीस आला १८ एप्रिलला. हा दोन-तीन महिन्यांचा फरक किरकोळ वाटेल, पण त्याने कधी कधी सारा अर्थ बदलतो. 'कॅप्टन अमेरिका कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ असे आहे, आणि मुखपृष्ठावर निळ्या-लाल पोशाखातला नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो आहे. भोवती गोळ्या झाडणारे नाझी सैनिक, खाली पडलेला अमेरिकेचा नकाशा, आणि मागच्या पडद्यावर अमेरिकेतील घातपाताचे दृश्य. हा अंक प्रत्यक्षात डिसेंबर १९४० मध्ये विक्रीस आला, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, जेव्हा युद्धात पडावे की नाही यावर अमेरिकेत कडाक्याचा वाद चालू होता. तारखा नीट लावल्या की हे चित्र युद्धज्वरात काढलेले न राहता एका चालू वादात घेतलेली बाजू ठरते, आणि जो सायमन व जॅक कर्बी हे त्याचे दोन्ही निर्माते ज्यू कुटुंबांतले होते ही गोष्टही मग निराळ्या वजनाने समोर येते. याच मुखपृष्ठावरील ढाल तिकोनी आहे. दुसऱ्या अंकापासून ती गोल झाली, कारण दुसऱ्या एका प्रकाशकाने आपल्या 'शील्ड' या नायकाच्या छातीवरील ढालीशी तिचे साम्य असल्याची तक्रार केली होती. धंद्यातल्या भांडणाचा ठसा चित्रावर असा उमटलेला असतो.

दुसरा प्रश्न टपाल खात्याचा, जो मला स्वतःला या विषयातला सर्वांत मजेदार भाग वाटतो. नियतकालिकांसाठी असलेला स्वस्त टपालदर मिळवायचा तर अंकात काही निव्वळ मजकूर असणे आवश्यक होते, म्हणून कॉमिक बुकांत दोन पानांची चित्रहीन कथा घालण्याची रीत पडली. ती कथा बहुतेक मुले वाचतही नसत. 'कॅप्टन अमेरिका कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकातील असा पाने भरण्यापुरता मजकूर लिहिण्याचे काम कचेरीतल्या एका पोरगेल्या मदतनीसाकडे आले. त्याने त्यावर स्टॅन ली असे नाव घातले, आणि त्या नावाने छापलेले त्याचे हे पहिले लेखन.

क्रमांकांतील घोळही टपालामुळेच. नव्या मासिकासाठी टपाल परवान्याचे शुल्क नव्याने भरावे लागे, म्हणून प्रकाशक जुन्या मासिकाचे नाव बदलून क्रमांक मात्र पुढे चालू ठेवत. ईसी या प्रकाशनाचे 'मून गर्ल' हे नायिकाप्रधान मासिक आधी गुन्हेकथांकडे वळले, मग 'अ मून, अ गर्ल... रोमान्स' या नावाने प्रेमकथांचे झाले, आणि १९५० मध्ये त्याचे 'वीअर्ड फँटसी' हे विज्ञानकथांचे मासिक झाले, ज्याचा पहिला अंक क्रमांक १३ चा आहे. पुढे क्रमांक मागे घेऊन पुन्हा लावले गेल्यामुळे १३ ते १७ हे क्रमांक दोनदा आले. तेव्हा संदर्भ देताना नाव, क्रमांक आणि मुखपृष्ठावरील तारीख या तिन्ही गोष्टी लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

पायरी ३: हे कोणी केले, याचा छडा लावावा

कॉमिक बुक बहुधा अनेक हातांतून जाते: कथा लिहिणारा, पेन्सिलीने रेखाटणारा, त्यावर शाई चढवणारा, अक्षरे काढणारा आणि रंग ठरवणारा. १९३०-४० च्या दशकांत हे काम न्यूयॉर्कमधील स्टुडिओंत वाटून केले जाई, आणि प्रत्येक पानामागे ठरलेला दर मिळे. त्यामुळे मुखपृष्ठावरील किंवा शीर्षकाखालील नाव हा पुरावा मानू नये, तो केवळ एक दावा समजावा.

बॅटमॅन याचे ठळक उदाहरण आहे. मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' क्रमांक २७ पासून दशकानुदशके निर्माता म्हणून एकट्या बॉब केन यांचे नाव जात राहिले, कारण त्यांनी तसा करार करून घेतला होता. पोशाख, कथा आणि त्या जगाचा एकंदर रंग घडवण्यात मोठा वाटा असलेले लेखक बिल फिंगर १९७४ मध्ये वारले. त्यांना अधिकृत श्रेय मिळू लागले २०१५ पासून. डोनल्ड डकच्या कथा रचणारे कार्ल बार्क्स यांचे नाव तर अंकांत नसेच. वाचक शैलीवरून त्यांना ओळखत आणि चांगला बदक-चित्रकार म्हणत. १९६० मध्ये चाहत्यांनी पाठपुरावा करून त्यांचा ठावठिकाणा शोधला, तोवर या कामात त्यांची जवळजवळ दोन दशके गेली होती.

पैशाचे कागद मिळाले तर कथानक कसे बदलते हे सुपरमॅनच्या धनादेशावरून पाहण्यासारखे आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १३० डॉलरना सुपरमॅन विकला, हे वाक्य सर्वत्र आढळते. मार्च १९३८ चा तो धनादेश जपून राहिला आहे. त्याची एकूण रक्कम ४१२ डॉलर आहे. १३० डॉलर सुपरमॅनचे आणि उरलेले त्याच प्रकाशकासाठी दोघे करत असलेल्या इतर मालिकांचे. १३ पानांना पानामागे १० डॉलर हा त्या वेळचा नेहमीचा दर होता. दोघांची आडनावेही त्यावर चुकीची लिहिलेली आहेत, आणि म्हणून दोघांनी मागे दोन-दोनदा सह्या केल्या आहेत. अन्याय झाला नाही असे यातून सिद्ध होत नाही, कारण त्याच व्यवहारात पात्राचे सर्व हक्क कायमचे गेले आणि पुढे कोट्यवधींची कमाई होत असताना दोघेही हलाखीत होते. १९७५ मध्ये चित्रकार नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन यांनी जाहीर मोहीम चालवल्यावर प्रत्येकाला वर्षाला २०,००० डॉलर निवृत्तिवेतन आणि श्रेयनामावलीत नाव मिळाले. परंतु धनादेश पाहिल्यावर एवढे कळते की ही एखादी अपवादात्मक लबाडी नव्हती; त्या धंद्यात रोज जे घडत होते तेच या वेळीही घडले.

१९६० च्या दशकातील मार्व्हलचा वाद आणखी नाजूक आहे. तेथे संपादक स्टॅन ली थोडक्यात कथासूत्र सांगत किंवा चित्रकाराशी त्यावर चर्चा करत, चित्रकार संपूर्ण कथा पानांवर मांडत असे, आणि संवाद नंतर लिहिले जात. मग कथा कोणाची? कर्बी यांच्या मूळ पानांच्या समासांत प्रत्येक चौकटीत काय चालले आहे याच्या त्यांनी पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी सापडतात. आठवणी आणि मुलाखती परस्परविरोधी असताना या नोंदींचे मोल अधिक. मात्र त्यांवरूनही सगळा निवाडा करता येत नाही, कारण पान रेखाटण्यापूर्वी दोघांत काय बोलणे झाले ते समासात उतरलेले नसते.

पायरी ४: पान वाचायला शिकावे

इतिहासाच्या नादात अनेक जण चित्र पाहायचे विसरतात. सरावासाठी बर्नार्ड क्रिगस्टीन यांनी चितारलेली 'मास्टर रेस' ही आठ पानांची कथा घ्यावी; ती ईसीच्या 'इम्पॅक्ट' या मासिकाच्या पहिल्या अंकात १९५५ मध्ये आली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसलेल्या एका जर्मन स्थलांतरिताला समोर एक माणूस दिसतो, त्याला छळछावणीचे दिवस आठवू लागतात, आणि हा भेदरलेला मनुष्य तेथील बंदी नव्हे तर छावणीचा प्रमुख होता हे वाचकाला उशिरा कळते. संपादकांनी कथा सहा पानांची दिली होती. क्रिगस्टीन यांनी अधिक जागा मागितली, आणि आधीच अक्षरे घालून आलेली पाने कापून, मजकूर नव्याने लावून आठ पाने केली.

त्यांनी वाढवलेल्या जागेचे काय केले ते शेवटच्या पानांवर पाहावे. तो माणूस फलाटावरून पळताना रुळांवर पडतो, तेव्हा एरवी एका चौकटीत उरकता येईल असा क्षण अरुंद, उभ्या चौकटींत चिरलेला आहे. धडधडत जाणाऱ्या गाडीच्या खिडक्यांतील प्रवाशांचे चेहरे एकाच चौकटीत पुनःपुन्हा उमटतात, त्यामुळे गाडीचा वेग कुठल्याही वेगरेषेवाचून जाणवतो. येथे मोजपट्टी घेऊन चौकटींची रुंदी मोजावी, कोणत्या चौकटीत मजकूर नाही ते लिहून ठेवावे, आणि दोन चौकटींमधल्या पांढऱ्या जागेत किती वेळ गेला असावा याचा अंदाज करावा. असे टिपण कोरडे वाटते. पण अमुक चित्रकाराची मांडणी प्रभावी आहे यासारखी पोकळ वाक्ये लिहिण्याची वेळ मग येत नाही. या पद्धतीची तात्त्विक मांडणी हवी असल्यास विल आयस्नर यांचे १९८५ चे 'कॉमिक्स अँड सीक्वेन्शल आर्ट' आणि स्कॉट मॅक्लाउड यांचे १९९३ चे 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' ही दोन पुस्तके क्रमाने वाचावी. दुसरे पुस्तक स्वतःच कॉमिक्सच्या रूपात आहे, आणि वाचायला सोपे असल्यामुळे त्यातील मते निर्विवाद वाटू लागतात. तेवढी सावधगिरी बाळगावी.

पायरी ५: १९५४ चे प्रकरण स्वतः तपासावे

प्रत्येक नवख्याने या एका प्रकरणाची मूळ कागदपत्रे वाचावीत, कारण ती सहज मिळतात आणि सर्वाधिक गैरसमजही याच प्रकरणाबद्दल आहेत. कॉमिक्स मुलांना गुन्हेगारीकडे वळवतात असे मांडणारे फ्रेडरिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञांचे 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक १९५४ च्या वसंतात आले; बालगुन्हेगारीवरील सिनेटच्या उपसमितीने २१ व २२ एप्रिल आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कमध्ये साक्षी घेतल्या. पहिल्याच दिवशी ईसीचे प्रकाशक विल्यम गेन्स साक्षीला आले. सिनेटर केफॉव्हर यांनी त्यांच्यापुढे एका अंकाचे मुखपृष्ठ धरले, ज्यावर एका पुरुषाच्या एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात स्त्रीचे छाटलेले शिर आहे, आणि हे अभिरुचीला धरून आहे का असे विचारले. भयकथेच्या मुखपृष्ठासाठी आहे, असे गेन्स म्हणाले. शिर जरा वर धरून मानेतून गळणारे रक्त दाखवले असते तर ते अभिरुचीहीन ठरले असते, असेही त्यांनी जोडले. दुसऱ्या दिवशी ही प्रश्नोत्तरे न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर होती.

बंदी आणली कोणी? सरकारने नाही. प्रकाशकांनीच एकत्र येऊन संघटना काढली आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. संहितेच्या मंजुरीचा शिक्का नसलेला अंक वितरक आणि विक्रेते घेईनासे झाले, आणि जे कायद्याने घडले नव्हते ते बाजाराने घडवले. मासिकाच्या नावात हॉरर किंवा टेरर हे शब्द वापरायचे नाहीत, या कलमाचा रोख कोणावर होता ते ईसीच्या मासिकांची नावे पाहिली की उमगते. स्वतः वर्थॅम यांना अशी संहिता नकोच होती. लहान मुलांना होणाऱ्या विक्रीवर कायद्याने निर्बंध यावेत, ही त्यांची मागणी होती. डिस्नेच्या कथा छापणारा आणि खपात आघाडीवर असलेला डेल हा प्रकाशक तर संघटनेत कधी शिरलाच नाही.

वर्थॅम यांच्याबद्दल मत बनवण्याआधी दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवाव्या. त्यांची खासगी कागदपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये २०१० साली अभ्यासकांना खुली झाली, आणि ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापक कॅरल टिली यांनी ती पुस्तकाशी ताडून २०१२ मध्ये दाखवून दिले की त्यांनी मुलांची विधाने बदलली होती, वेगवेगळ्या मुलांचे बोलणे एकाच्या तोंडी घातले होते आणि गैरसोयीचे तपशील गाळले होते. दुसरीकडे, याच गृहस्थांनी १९४६ मध्ये हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी नाममात्र शुल्कात मानसोपचार केंद्र चालू केले, आणि शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या डेलावेअरमधील खटल्यात त्यांची साक्ष महत्त्वाची ठरली. चाहत्यांनी लिहिलेल्या इतिहासांत ते निव्वळ खलनायक असतात. हे चित्र दुरुस्त करताना टिली यांचा पुरावा सौम्य करण्याचेही कारण नाही.

संहिता प्रत्यक्षात कशी राबवली गेली हे पाहायचे तर 'जजमेंट डे' या सात पानी कथेचा शोध घ्यावा. तिच्या अखेरच्या चौकटीत अंतराळवीर शिरस्त्राण काढतो आणि तो कृष्णवर्णीय असल्याचे दिसते. १९५६ च्या सुरुवातीची तारीख असलेल्या अंकासाठी ईसीने ती पुन्हा छापायला घेतली तेव्हा संहितेच्या प्रशासकांनी नेमकी त्याच गोष्टीवर हरकत घेतली. गेन्स यांनी माघार न घेता ती छापली, आणि तो ईसीचा शेवटचा कॉमिक बुक अंक ठरला. ही संहिता पुढे सैल होत गेली. मार्व्हलने ती २००१ मध्ये सोडली, डीसी आणि आर्ची या प्रकाशकांनी २०११ मध्ये.

पायरी ६: माल दुकानापर्यंत कसा जात होता ते समजून घ्यावे

वितरण हा विषय रटाळ वाटतो, आणि म्हणून बहुतेक जण तो टाळतात. पण कथांची दिशा अनेकदा येथेच ठरली. १९५७ मध्ये अमेरिकन न्यूज कंपनी या बलाढ्य वितरकाचा कॉमिक्सचा व्यवहार बंद पडला आणि पुढे जी मार्व्हल झाली त्या कंपनीला थेट प्रतिस्पर्धी डीसीच्या वितरकाकडे जावे लागले, ज्याने तिला महिन्याला जेमतेम आठ अंकांची मर्यादा घातली. १९६१ चे 'फँटास्टिक फोर' आणि १९६२ चा स्पायडरमॅन या चणचणीत जन्मले आहेत.

स्टॉलवरचा न खपलेला माल परत करता येत असे. पुष्कळदा मुखपृष्ठाचा वरचा भाग फाडून तेवढाच पुरावा म्हणून पाठवला जाई. ब्रुकलिनमधील इंग्रजीचे शिक्षक फिल स्यूलिंग यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकाशकांशी वेगळा सौदा केला: अधिक सवलत द्या, माल परत येणार नाही. त्यातून केवळ कॉमिक्स विकणारी दुकाने फोफावली, गिऱ्हाईक वयाने वाढले, आणि मोठ्या वितरकाकडे फिरकण्याची ऐपत नसलेल्या छोट्या प्रकाशकांनाही वाट मिळाली. त्याच दुकानांनी १९९० च्या दशकात, पुढे भाव वाढेल म्हणून अंक साठवण्याच्या सट्टेबाजीला खतपाणी घातले, आणि तो फुगा फुटल्यावर १९९६ च्या अखेरीस मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली.

खपाचे आकडे हवे असल्यास १९६० नंतरच्या अंकांत वर्षातून एकदा छापले जाणारे मालकीचे निवेदन शोधावे. टपाल परवान्यासाठी ते देणे भाग होते आणि त्यात सरासरी खप असतो. हे आकडे प्रकाशकाने स्वतः दिलेले असतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

पायरी ७: युगांची वाटणी जपून वापरावी

सुवर्णयुग, रौप्ययुग, कांस्ययुग ही विभागणी संग्राहकांच्या आणि चाहत्यांच्या वर्तुळातून आली आहे, आणि ती महानायकांच्या चढउतारांवर बेतलेली आहे. १९५६ मध्ये फ्लॅश हा महानायक नव्या रूपात आला म्हणून रौप्ययुग सुरू झाले असे म्हणताना १९४७ च्या 'यंग रोमान्स'पासून उसळलेली प्रेमकथांची लाट, पाश्चिमात्य गुराख्यांच्या कथा आणि बोलक्या प्राण्यांची मासिके हिशेबातून सुटतात, आणि त्यांच्याबरोबर मुलींचा मोठा वाचकवर्गही. फिलाडेल्फियाचे पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांना घेऊन १९४७ मध्ये काढलेले 'ऑल-निग्रो कॉमिक्स', ज्याचा एकच अंक निघू शकला, किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर १९६८ पासून विकले गेलेले रॉबर्ट क्रंब यांचे 'झॅप' हे भूमिगत कॉमिक, कोणत्या युगात घालायचे? आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस' या ग्राफिक नॉव्हेलला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर मिळाले, आणि त्याची मुळे याच भूमिगत कॉमिक्समध्ये आहेत. काळ सांगायचा तर सरळ साल लिहावे.

पायरी ८: साहित्य कोठे मिळते

सुरुवात ग्रँड कॉमिक्स डेटाबेस या स्वयंसेवकांनी चालवलेल्या सूचीपासून करावी. त्यात अंकानुसार कथा, पानसंख्या आणि श्रेये दिलेली असतात, आणि अंदाजाने दिलेल्या श्रेयापुढे प्रश्नचिन्हही असते. प्रताधिकार संपलेल्या जुन्या अंकांचे संपूर्ण स्कॅन डिजिटल कॉमिक म्युझियम येथे मोफत मिळतात. त्यात सुपरमॅन वा कॅप्टन अमेरिका सापडणार नाहीत, बंद पडलेल्या प्रकाशकांचा ढीग मात्र सापडेल; नवख्याने करण्यासारखे काम बहुधा त्या ढिगातच आहे. सिनेटच्या साक्षींचा शब्दशः वृत्तान्त डिजिटल स्वरूपात उपलब्ध आहे. 'द कॉमिक्स जर्नल'मधील प्रदीर्घ मुलाखती आणि फ्लोरिडा विद्यापीठाचे मुक्त नियतकालिक 'इमेजटेक्स्ट' हेही घरबसल्या वाचता येते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी तीन ठिकाणे ध्यानात ठेवावी: वॉशिंग्टनमधील लायब्ररी ऑफ काँग्रेस, जेथे वाचकपत्र मोफत मिळते, ईस्ट लान्सिंगमधील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे ग्रंथालय, आणि कोलंबसमधील ओहायो स्टेट विद्यापीठाचे बिली आयर्लंड कार्टून ग्रंथालय व संग्रहालय. या तिसऱ्या ठिकाणी बिल ब्लॅकबिअर्ड यांचा संग्रह आहे. ग्रंथालये मायक्रोफिल्म करून जुनी वर्तमानपत्रे फेकून देत होती, तेव्हा या एका माणसाने ती सॅन फ्रान्सिस्कोतील आपल्या घरात साठवली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो संग्रह ओहायोला नेण्यासाठी सहा मोठे ट्रक लागले.

पायरी ९: लिहावे, आणि चित्रे वापरताना कायदा पाहावा

पहिले लेखन एका अंकावर करावे. अंकाची ओळख, विक्रीची खरी तारीख, कोणी काय केले याचा पुरावा, जाहिराती कोणासाठी आहेत, आणि एका पानाचे बारकाईने केलेले वाचन एवढे त्यात असले की चार-पाच पाने सहज भरतात. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेली प्रत्येक गोष्ट मूळ अंकात पडताळता आली नसेल, तर ती कोणाच्या आधारे सांगत आहोत ते त्याच वाक्यात लिहावे.

चित्रांबाबत अमेरिकेतील नियम असा की त्या काळातील प्रकाशनांचे हक्क ९५ वर्षे टिकतात, त्यामुळे 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक २०३४ च्या आरंभी मुक्त होईल. परंतु १९६४ पूर्वीच्या प्रकाशनांसाठी २८ व्या वर्षी नूतनीकरण आवश्यक होते, आणि अनेक प्रकाशकांनी ते केलेच नाही. डिजिटल कॉमिक म्युझियममधील अंक या पळवाटेने मुक्त झालेले आहेत. आपल्याकडे १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ नुसार समीक्षेसाठी न्याय्य मर्यादेत उद्धृत करता येते. एखादी चौकट किंवा एक पान चर्चेसाठी देणे आणि संपूर्ण कथा चढवणे यांतला फरक पाळावा.

अंकावर काम करताना सूचीतील एखादी नोंद चुकीची किंवा अपुरी आढळली, तर ती दुरुस्त करून ग्रँड कॉमिक्स डेटाबेसकडे पाठवावी. त्यासाठी खाते उघडावे लागते, नोंद संपादक तपासतो, आणि पुरावा अपुरा वाटल्यास ती प्रश्नांसह परत येते; अशा वेळी अंकाचे पान क्रमांक आणि सहीचे किंवा समासातील नोंदीचे स्कॅन सोबत जोडून ती पुन्हा पाठवावी.